बटर किती मऊ, ओव्हन किती गरम: घरच्या कुकीज आणि बारची सविस्तर कृती

कुकीज बिघडल्या की पहिलं खापर ओव्हनवर फुटतं. बऱ्याचदा तो निर्दोष असतो. मैदा कपाने मोजलेला असतो, बटर हवं त्यापेक्षा मऊ झालेलं असतं, नाहीतर मध्यभाग ओला दिसतोय म्हणून कुकीज आणखी तीन मिनिटं आत ठेवलेल्या असतात. कृती कितीही चांगली असली तरी या तीन ठिकाणी हात चुकला की ती वाचत नाही. म्हणून प्रमाणांकडे वळण्याआधी त्यांचंच बघू.

आधी काटा, मग कप

२४० मिलीचा कप चमच्याने हलकेच भरून वरून सुरी फिरवली तर त्यात साधारण १२०-१२५ ग्रॅम मैदा बसतो. तोच कप पिशवीत खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे दोन कपांच्या कृतीत नकळत ५० ग्रॅम मैदा जास्त पडतो आणि कुकीज न पसरता लाडवासारख्या गोल बसून राहतात. ग्रॅममध्ये दाखवणारा साधा डिजिटल काटा हा बेकिंगमधला सगळ्यात फायद्याचा खर्च. ओव्हन नंतर बदला, काटा आधी घ्या.

सोडा (म्हणजे बेकिंग सोडा) आणि मीठ मात्र चमच्यानेच मोजा. अर्धा छोटा चमचा सोडा जेमतेम अडीच ग्रॅम भरतो आणि इतक्या कमी वजनावर घरगुती काट्याचा भरवसा नसतो. इथे छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, दोन्ही सपाट भरलेले.

ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत २० अंशांचा फरक असणं अजिबात नवलाचं नाही. आत टांगायचा छोटा थर्मामीटर आणून एकदा खात्री करून घ्या. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार, असं समजू नका. भिंती आणि जाळी नीट तापायला एकूण १५ ते २० मिनिटं लागतात. ओटीजीसारख्या लहान ओव्हनमध्ये रॉड ट्रेच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे मधली जाळी वापरा, दोन्ही रॉड चालू ठेवा आणि एका वेळी एकच ट्रे आत घाला. पंखा चालू असेल तर इथल्या आकड्यांतून १५ ते २० अंश वजा करा. कन्व्हेक्शनची, म्हणजे आत गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय नसलेल्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र या कुकीज होणार नाहीत. तिथे पीठ शिजतं, भाजलं जात नाही.

बटर: इथेच निम्मी कुकी ठरते

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतांश पाणी. ३२ ते ३५ अंशांवर ते पूर्ण वितळतं, पण साखरेबरोबर फेटण्यासाठी ते १८ ते २० अंशांवर हवं. बोट दाबलं की खळगा पडावा आणि तसाच राहावा, बोट आरपार जाऊ नये आणि पृष्ठभागावर तेलकट चकाकी दिसू नये. स्वयंपाकघर गरम असेल तर फ्रिजमधून काढून चौकोनी तुकडे केले की दहा-पंधरा मिनिटांत ते या टप्प्याला येतं. कृतीत लिहिलेलं ‘रूम टेंपरेचर’ थंड खोलीसाठी असतं, उकाड्यासाठी नाही. दोन तास बाहेर राहिलेलं, वाटीत पसरलेलं बटर फेटण्याच्या कामाचं नाही. ते परत फ्रिजमध्ये ठेवा आणि घट्ट झालं की वापरा.

याचं कारण असं. फेटताना साखरेचे दाणे घट्टसर बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे कोंडतात. सोडा नवीन बुडबुडे तयार करत नाही, आहेत तेच फुगवतो. बटर पातळ असेल तर हवा टिकत नाही, शिवाय ओव्हनमध्ये गेल्या गेल्या ते वाहू लागतं. मैदा आणि अंडं शिजून आकार धरण्याआधीच गोळा सपाट होतो. दुसऱ्या बाजूला, केकसारखं पाच-सहा मिनिटं फेटलंत तर इतकी हवा भरते की कुकी फुगून स्पंजासारखी होते. हँड मिक्सरच्या मध्यम वेगावर दोन मिनिटं पुरे. रंग थोडा फिकट झाला, मिश्रण एकजीव झालं की थांबा.

वितळवलेलं बटर वापरणाऱ्या कृतीही असतात, आणि त्या चुकीच्या नसतात. त्यात बटरमधलं पाणी मैद्याला सहज मिळतं, ग्लूटेन (मैद्याला ताण देणारं प्रथिनांचं जाळं) थोडं जास्त तयार होतं आणि कुकी चिवट, भरीव होते. पण मग पीठ फ्रिजमध्ये मुरवणं टाळता येत नाही. घरी काढलेल्या लोण्यात पाण्याचं प्रमाण दरवेळी वेगळं असतं, त्यामुळे त्यावर बेतलेली कुकी आज जमेल आणि उद्या नाही.

साखरेबद्दल थोडक्यात. पांढरी साखर कुकीला पसरवते आणि कडा कुरकुरीत करते. ब्राउन शुगरमध्ये काकवी असते, त्यामुळे ती ओलावा धरून ठेवते आणि आतून मऊपणा देते. काकवी किंचित आंबट असल्याने सोड्याला लागणारं आम्लही तिच्याकडूनच मिळतं. म्हणून सगळी ब्राउन शुगर काढून पांढरी घातली तर फक्त रंगच नाही, फुगणंही बदलतं. जाड दाण्यांची साखर मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंद फिरवून बारीक करा. तिची पिठीसाखर मात्र होऊ देऊ नका. पिठीसाखरेत हवा कोंडणारे दाणेच उरत नाहीत, आणि विकतच्या पिठीसाखरेत बहुधा कॉर्नफ्लोअरही असतं.

सोडा बेकिंग पावडरच्या तिपटीहून थोडा अधिकच जोरदार असतो, तेव्हा एकाच्या जागी दुसरा त्याच मापाने घालू नये. सोडा जास्त झाला तर कुकी पटकन काळपट होते आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते. ती चव साखरेने झाकली जात नाही.

चॉकलेट कुकीज

सुमारे १६ कुकीजसाठी: बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम, ब्राउन शुगर ११० ग्रॅम, बारीक पांढरी साखर ६० ग्रॅम, एक अंडं (कवच सोडून ५० ग्रॅम), व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा, मैदा १६५ ग्रॅम, सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा आणि डार्क चॉकलेटचे तुकडे १५० ग्रॅम. बटर खारं असेल तर मीठ चिमूटभरच घाला, पण अजिबात वगळू नका. मिठाशिवाय कुकी नुसती गोडमिट्ट लागते.

मैदा, सोडा आणि मीठ एकत्र चाळून बाजूला ठेवा. सोड्याची गुठळी राहिली तर एकाच कुणाच्या तरी दाताखाली येते. बटर आणि दोन्ही साखरा दोन मिनिटं फेटा, मधे एकदा भांड्याच्या कडा खरवडून घ्या. आता अंडं आणि व्हॅनिला. फ्रिजमधलं गार अंडं घातलं तर बटर आकसतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, म्हणून कवचासकट अंडं पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. तरी फाटलंच तर घाबरू नका, मैदा पडला की ते सावरतं.

मैदा एकदम घालून सपाट चमच्याने, हळू हाताने मिसळा. इथे यंत्र नको. कोरड्या मैद्याच्या एक-दोन रेघा दिसत असतानाच चॉकलेट घाला आणि ते मिसळेल इतकंच ढवळा. घोटत बसलात तर ग्लूटेन वाढतं आणि कुकी खुसखुशीत व्हायच्या ऐवजी पावासारखी ताणली जाते.

पीठ लगेच चमचाभर चाखायचा मोह होतो. ते टाळा. कच्च्या अंड्याइतकाच कच्चा मैदाही धोक्याचा असतो, त्यातही रोगजंतू असू शकतात.

४० ग्रॅमचे गोळे आत्ताच करून ठेवा. पीठ मुरल्यावर दगडासारखं होतं, मग चमचा वाकतो पण गोळा निघत नाही. गोळे झाकून फ्रिजमध्ये किमान एक तास ठेवा, शक्य असेल तर २४ तास. या काळात नुसतं बटर घट्ट होत नाही, मैदा अंड्यातलं पाणी शोषून घेतो, त्यामुळे कुकी कमी पसरते, रंग खोल येतो आणि चव जमते. सगळ्या कृतीत हा असा एकच टप्पा आहे ज्यात काहीच करायचं नसतं, आणि नेमका तोच गाळला जातो.

ओव्हन १७५ अंशांवर तापवा. ट्रेवर पार्चमेंट पेपर घाला. मेण लावलेला कागद दिसायला तसाच असतो, पण ओव्हनमध्ये मेण वितळतं, तेव्हा पाकीट वाचून घ्या. ट्रेला बटर किंवा तेल लावायचं नाही, त्यावर कुकी घसरत पसरते. गोळ्यांमध्ये ५ सेंटिमीटर अंतर ठेवा. काळ्या ट्रेवर तळ लवकर करपतो. तोच ट्रे असेल तर त्याखाली दुसरा ट्रे ठेवून दुहेरी करा.

आता काचेतून बघत राहा. पहिली चार-पाच मिनिटं फारसं काही घडत नाही, गोळ्याचा खालचा काठ तेवढा सैल होतो. सातव्या मिनिटाच्या आसपास तो खाली बसतो आणि पसरायला लागतो. नवव्या-दहाव्या मिनिटाला मध्यभाग फुगतो आणि वरची ओली चकाकी कडांकडून आत सरकत जाते. अकरा ते तेरा मिनिटांच्या दरम्यान कडेला बोटाच्या रुंदीइतका सोनेरी पट्टा दिसतो, भेगांच्या आत अजून ओलं असतं आणि मध्यभाग कच्चा वाटतो. हीच बाहेर काढायची वेळ. बाहेर आल्यावर मध्यभाग खाली बसतो आणि गरम ट्रेवर पाच मिनिटांत उरलेलं भाजणं पूर्ण होतं. ओव्हनमध्ये पूर्ण झालेली दिसली ती कुकी गार झाल्यावर कडक होणार, हे गृहीत धरा. गोल आकार हवा असेल तर ट्रे काढल्याक्षणी कुकीपेक्षा मोठी वाटी तिच्यावर पालथी घालून गोल फिरवा, वेड्यावाकड्या कडा आत येतात. पाच मिनिटांनी कुकीज जाळीवर घ्या, नाहीतर तळाला घाम सुटतो.

पहिल्या खेपेला सगळा ट्रे भरू नका. एकच कुकी भाजा. ती पातळ पसरली तर उरलेले गोळे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. तरीही पसरली तर पिठात एक मोठा चमचा मैदा मिसळा. उलट ती फुगीर राहिली तर बाकीचे गोळे तळव्याने थोडे चपटे करा. बारा मिनिटांच्या या चाचणीने उरलेल्या पंधरा कुकीज वाचतात. दुसरी खेप लावताना ट्रे पूर्ण गार झालेला हवा. गरम ट्रेवर गोळा ठेवला की ओव्हनमध्ये जाण्याआधीच बटर वितळू लागतं, आणि ‘पहिल्या छान झाल्या, दुसऱ्या बिघडल्या’ असं होतं ते यामुळेच.

अंडं नको असेल तर त्याऐवजी दोन मोठे चमचे दूध आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घाला. कुकी थोडी कमी चिवट आणि जास्त खुसखुशीत होते, एवढाच फरक. दह्याने किंवा केळ्याने ती केककडे झुकते. केळ्याची तर चवही लपत नाही.

बारसाठी साचा आणि कागद

गोळे वळायचा कंटाळा असेल तर बार करा. एकच साचा, एकच भाजणी. पुढची सगळी प्रमाणं २० सेंटिमीटर चौरस साच्याची आहेत. त्याचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर, तर २३ सेंटिमीटर चौरसाचं ५२९. तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्याने थर पाव हिश्शाने पातळ होतो आणि त्याच वेळेत बार वाळून जातात. २३ बाय ३३ चा मोठा साचा असेल तर सरळ दुप्पट प्रमाण घ्या. काचेचा साचा उशिरा तापतो आणि उशिराच निवतो, त्यात तापमान १५ अंशांनी कमी ठेवून वेळ थोडा वाढवा.

कागद दोन बाजूंनी साच्याबाहेर लोंबेल असा घाला, म्हणजे तेच कान धरून अख्खी वडी वर उचलता येते. साच्यातच कापायला गेलात तर पहिला तुकडा हमखास मोडतो.

लेमन बार

तळासाठी मैदा १५० ग्रॅम, पिठीसाखर ३५ ग्रॅम, चिमूट मीठ आणि मऊ बटर ११० ग्रॅम. बोटांनी चुरा करा आणि मुठीत दाबल्यावर गोळा धरू लागला की साच्यात पसरून सपाट बुडाच्या वाटीने घट्ट दाबा, विशेषतः कोपऱ्यांत. मात्र साच्यात घालण्याआधी यातलं दोन चमचे पीठ बाजूला काढून ठेवा. काट्याने टोचे मारा आणि १७५ अंशांवर १८ ते २२ मिनिटं, सोनेरी रंग येईपर्यंत भाजा. फिकट तळ ही या बारमधली सगळ्यात मोठी चूक. वर ओलं मिश्रण पडणार आहे, तेव्हा कच्चा तळ पुढे भाजला जात नाही, नुसता भिजतो. भाजल्यावर भेग दिसली तर राखून ठेवलेलं पीठ तिच्यात दाबून बुजवा, नाहीतर लिंबाचं मिश्रण खाली झिरपून कागदाला चिकटतं.

तळ ओव्हनमध्ये असतानाच वरचं मिश्रण करा. २०० ग्रॅम साखरेत दोन लिंबांची साल किसून बोटांनी चोळा. साखर ओलसर होते आणि वास घरभर पसरतो. फक्त पिवळा भाग किसा, खालचा पांढरा थर कडू असतो. यात २५ ग्रॅम मैदा कोरडाच मिसळा, मग तीन अंडी आणि शेवटी १०० मिली गाळलेला रस. रस मापानेच घ्या, लिंबं मोजून नाही. मैदा नंतर घातला तर गुठळ्या होतात. जोरात फेटू नका, त्याने आलेला फेस वर तरंगतो आणि भाजल्यावर पांढरट पापुद्रा होऊन बसतो.

तळ गरम असतानाच मिश्रण ओता, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात. तापमान १६० वर आणा आणि १८ ते २२ मिनिटं भाजा. साचा हलवून बघा. मध्यभाग जेलीसारखा एकसंध थरथरला तर झालं, लाटेसारखा हलला तर अजून तीन मिनिटं द्या. वर भेगा पडल्या म्हणजे वेळ टळून गेली, अंडं आवळलं. बाहेर पूर्ण गार करा, मग दोन-तीन तास फ्रिजमध्ये. सुरी गरम पाण्यात बुडवून कोरडी पुसा, एकदा कापा, पुन्हा पुसा. कंटाळवाणं आहे, पण स्वच्छ कडा याशिवाय मिळत नाहीत. पिठीसाखर खायला देतानाच भुरभुरा, आधी भुरभुरली की ती विरघळून गायब होते.

ब्राउनी आणि जॅमचे बार

ब्राउनीत सोडाही लागत नाही, बेकिंग पावडरही नाही. ११५ ग्रॅम बटर आणि १२० ग्रॅम डार्क चॉकलेट मंद आचेवर, गरम पाण्याच्या वाफेवर वितळवा. त्यात पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेट आवळून गुठळ्या होतात, म्हणून वाटी आणि चमचा कोरडे ठेवा. दोन अंडी आणि २०० ग्रॅम बारीक साखर तीन-चार मिनिटं चांगली फेटा. वरचा चकचकीत, कागदासारखा पापुद्रा अंड्यात विरघळलेल्या साखरेमुळे येतो, तेव्हा इथे आळस नको. कोमट झालेलं चॉकलेट मिसळा, मग ६५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको आणि पाव छोटा चमचा मीठ हलक्या हाताने घाला. १७५ अंशांवर २४ ते २८ मिनिटं भाजा. टूथपिकला ओलसर चुरा चिकटला पाहिजे. पातळ पीठ चिकटलं तर कच्ची, कोरडी बाहेर आली तर तो केक झाला.

जॅमच्या बारला मिक्सर लागत नाही, अंडंही नाही. १२५ ग्रॅम मैदा, ९० ग्रॅम ओट्स, ११० ग्रॅम ब्राउन शुगर, पाव छोटा चमचा सोडा, चिमूट मीठ आणि ११५ ग्रॅम मऊ बटर यांचा चुरा करा. दोन तृतीयांश चुरा तळाला दाबा, त्यावर २४० ग्रॅम घट्ट जॅम पसरा आणि उरलेला चुरा वर विखरा. जॅम कडेपासून एक सेंटिमीटर आत ठेवा, साच्याला लागला की करपून चिकटतो. १७५ अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. गरम असताना कापलेत तर भुगा हातात येईल.

टिकवण

कुरकुरीत आणि मऊ कुकीज एका डब्यात ठेवू नका. ओलावा एकीकडून दुसरीकडे जातो आणि दोन्ही बिघडतात. मऊ कुकीज वाळू लागल्या तर डब्यात रात्रभर पावाचा एक स्लाइस ठेवा, सकाळी पाव कडक आणि कुकीज मऊ. नरमलेल्या कुरकुरीत कुकीज १५० अंशांवर पाच मिनिटं गरम करून जाळीवर गार करा. लेमन बार फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात, ब्राउनी बंद डब्यात बाहेर तितकेच दिवस टिकते.

कुकीज भाजून साठवण्यापेक्षा पिठाचे गोळे साठवणं केव्हाही चांगलं. ट्रेवर सुटे सुटे ठेवून आधी दोन तास कडक गोठवा, मग पिशवीत भरा, एकत्र चिकटत नाहीत. पिशवीवर तारीख, तापमान आणि मिनिटं लिहून ठेवा. दोन महिने ते चांगले राहतात. भाजताना बाहेर काढून वितळू देऊ नका, गोठलेलाच गोळा गरम ओव्हनमध्ये ठेवा आणि वेळेत दोन मिनिटं वाढवा.